कल्हई किती दिवस टिकते?

इथे वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात बसलेल्या निम्म्या मंडळींच्या घरी माळ्यावर पितळेचं पातेलं असेल, म्हणून सुरुवात तिथून करतो. कल्हईवाला नवसागर टाकून, कथील फिरवून भांडं परत द्यायचा, तेव्हा त्यात चेहरा दिसायचा. माझी आजी चेहरा बघत नसे. ती त्यात रोज चिंचेचं सार करायची आणि महिन्याभरानं तळाशी बोट फिरवून पितळ कुठे उघडं पडलंय ते बघायची. ताक कळकलं, तर पुढच्या खेपेला कल्हईवाल्याची खैर नसे. विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढणं सोपं करणाऱ्या ज्या उत्प्रेरकांबद्दल आज मी बोलणार आहे, तीसुद्धा इलेक्ट्रोडवरची, म्हणजे पाण्यात वीज सोडणाऱ्या धातूवरची, कल्हईच आहे. आजीची कसोटी तिला लावावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. निकल्सन आणि कार्लाइल या इंग्रज संशोधकांनी १८०० सालीच हे करून पाहिलं. हिशेबानं १.२३ व्होल्ट पुरायला हवेत. कारखान्यात ज्या सेलमध्ये पाणी असं फोडतात, त्याला १.८ किंवा त्याहून जास्त लागतात. मधला फरक कमी करणं हे उत्प्रेरकाचं काम. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या सरकारनं १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं; हरित म्हणजे सूर्य-वाऱ्यासारख्या स्वच्छ विजेनं पाण्यातून काढलेला. आपल्या भोवतीच्या रिफायनऱ्या आणि खत कारखाने यांना हायड्रोजन लागतोच, आणि आज तो बहुतेक नैसर्गिक वायूपासून बनतो. म्हणजे हा विषय आपल्या उंबऱ्यावरचा आहे.

आता माझी तक्रार. नवा उत्प्रेरक शोधणारे चोवीस तास सेल चालवतात, व्होल्टेजची रेघ सपाट येते, आणि खाली लिहितात: उत्प्रेरक टिकाऊ आहे. अहो, सेल ८०,००० तास चालायला हवा, म्हणजे नऊ वर्षं! समजा, उत्प्रेरक झिजल्यामुळे तासाला १० मायक्रोव्होल्टनं व्होल्टेज चढतोय. चोवीस तासांत तो पाव मिलिव्होल्टही वाढत नाही. खोलीतला एसी बंद झाला, तरी रेघ त्याहून जास्त हलते. ८०,००० तासांत मात्र तीच चढण ०.८ व्होल्ट होते, आणि तेवढ्याच हायड्रोजनला वीज चाळीस टक्क्यांहून जास्त लागते.

बरं, रेघ उतरली तर? हा किस्सा मला सांगायचाच आहे. मी एका प्रयोगशाळेत होतो. आमचा एक तरुण सहकारी सौम्य गंधकाम्लात मॉलिब्डेनम सल्फाइड हा उत्प्रेरक तपासत होता. प्लॅटिनम हा उत्तम पण महाग उत्प्रेरक; तो न वापरता हायड्रोजन काढायचा, हे त्याचं ध्येय. समोरचा इलेक्ट्रोड मात्र प्लॅटिनमच्या तारेचा, कारण सगळीकडे तीच पद्धत. तिसऱ्या दिवशी तो धावत आला: "सर, सुधारतोय!" त्याच करंटला लागणारा व्होल्टेज रोज थोडा कमी होत होता. आठवड्यानं पेढे आले. मीही खाल्ले.

मला रात्री झोप लागेना. झिजणारी वस्तू वापरून सुधारते कशी? सकाळी ती तार काढून उजेडात धरली. पूर्वी आरशासारखी होती, आता टोकाला धुरकट. तराजूवर घातली, वजन घटलेलं. तिथलं प्लॅटिनम आम्लात विरघळून पलीकडे आमच्या नमुन्यावर बसत होतं! तारेच्या जागी ग्रॅफाइटची कांडी लावली, ताजा नमुना घेतला, आणि सगळी सुधारणा नाहीशी झाली. तो मुलगा खुर्चीत बसून राहिला. मी त्याला म्हटलं, बाळा, ही कांडी आधी लावायला तुला आम्हीच सांगायला हवं होतं. तेव्हापासून कोणताही आलेख समोर आला की मी पहिला प्रश्न विचारतो: समोर कोणता धातू होता?

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरली आहेत. उत्प्रेरकाचा टिकाऊपणा तपासायचा कसा, हा कबूल केलेला मुख्य भाग भरभर सांगतो.

पहिलं, सेल सतत चालवून उपयोग नाही. सूर्याची वीज संध्याकाळी जाते, श्रावणात दुपारीसुद्धा जाते. अल्कलीच्या सेलमध्ये वीज बंद झाली की प्रवाह काही काळ उलटा वाहतो आणि निकेलच्या कॅथोडचं, म्हणजे हायड्रोजन सुटतो त्या इलेक्ट्रोडचं, ऑक्सिडेशन होतं. म्हणून बंद-चालूचे शेकडो फेरे द्यायचे. घाईसाठी तापमान भलतंच वाढवू नका. मग जी झीज होते, ती प्रत्यक्षात होणारी नसतेही.

दुसरं, रेघेबरोबर द्रावणही तपासा. आम्लधर्मी पडद्याच्या सेलमध्ये ॲनोडवर, म्हणजे ऑक्सिजन सुटतो त्या इलेक्ट्रोडवर, इरिडियम ऑक्साइड असतं, आणि जगात इरिडियम वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतं. एक अणू विरघळेपर्यंत ऑक्सिजनचे किती रेणू मिळाले, हे मोजा. व्होल्टेज स्थिर असतानाही धातू जात असतो.

तिसरं, बुडबुडे. ते पृष्ठभागाला चिकटले की चांगला उत्प्रेरकही मेल्यासारखा दिसतो. इलेक्ट्रोड धुवा, पुन्हा मोजा, मगच निकाल लिहा.

ती तार आणि ग्रॅफाइटची कांडी मी आणली आहे. टेबलावर भिंगही ठेवलंय. चहाच्या आधी तारेचं टोक बघून जा.