पाण्याचं खातं

नमस्कार श्रोतेहो. मागच्या ऑक्टोबरात सतरा दिवस माझ्याकडे शंभर लिटरच्या एका टाकीचा कारभार होता. टाकी मोटरहोमच्या पोटात, मोटरहोम दक्षिण इटलीच्या रस्त्यावर, आणि आत आम्ही तिघं: मी, आमचे हे, आणि गाडी चालवणारी आमची पुतणी. ती जर्मनीत नोकरी करते, लायसन्सही तिकडचंच. नेपल्सला गाडी ताब्यात घेतली त्याच संध्याकाळी तिनं खातेवाटप उरकलं. "काका नकाशा बघतील, स्टिअरिंग माझ्याकडे, आणि काकू, पाणी तुमच्याकडे."

माझं माहेर जालन्याचं. नळाला पाणी कधी येणार त्यावर घरातलं धुणं, पाहुणे, पुरणपोळ्या सगळं ठरायचं, असं आमचं लहानपण. पोरीनं माणूस बरोबर निवडला होता.

तर ही गाडी, इटलीत तिला नुसतं 'कँपर' म्हणतात, सात मीटर लांब आणि तीन मीटर उंच. आत ओटा, दोन शेगड्या, छोटा फ्रीज, ड्रायव्हरच्या डोक्यावर बिछाना आणि मागे कपाटाएवढी न्हाणी. पिण्या-वापरायच्या पाण्याची टाकी वेगळी, अंघोळी-भांड्यांच्या सांडपाण्याची वेगळी आणि संडासाची पेटी वेगळी. ती पेटी बाहेर काढून चाकांवर ओढत न्यायची आणि ठरलेल्या जागीच रिकामी करायची. हे काम यांच्याकडे गेलं. त्यांनी ते अजिबात कुरकुर न करता केलं, असं मी सांगितलं तर ते खोटं ठरेल.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते ऐकायला सुटसुटीत वाटतं. पाठीवर पाणीही असतं, हे कोणी सांगत नाही. शंभर लिटरमध्ये तीन माणसांच्या अंघोळी, चहा, कुकर आणि भांडी. दुसऱ्या दिवसापासून माझी नजरच बदलली. कुठंही गेलं की आधी नळ कुठे, मग गटार कुठे. आणि याच नजरेनं मी पॉम्पेईत शिरले.

पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. माणसांचे प्लास्टरचे ठसे पाहायला सगळी गर्दी धावते. मी मात्र रस्त्याकडेनं पळत गेलेली शिशाची नळी बघत उभी राहिले. फुटपाथच्या कडेला, उघड्यावर, आपल्याकडे असते तशीच. शहराच्या सगळ्यात उंच टोकाला, व्हेसुव्हियस दरवाजापाशी, पाणीवाटपाची एक छोटी इमारत आहे. तिथून पाणी निघायचं आणि उतारावर जोर वाढू नये म्हणून चौकाचौकात उभारलेल्या मनोऱ्यांवरच्या टाक्यांत थांबत थांबत खाली यायचं. प्रेशर कमी करायची ही युक्ती मला आमच्या पुतणीनं समजावली. ती इंजिनिअर आहे. पण सार्वजनिक हौद समजायला इंजिनिअर लागत नाही. गावात असे चाळीसच्या आसपास हौद होते. चार दगडी फळ्यांचा चौकोन आणि कडेच्या उभ्या दगडावर कोरलेला एक चेहरा, त्याच्या तोंडातून पाणी. तिथल्या मोठ्या रस्त्याला आज 'विपुलतेचा रस्ता' म्हणतात, ते नावही अशाच एका हौदावरच्या बाईच्या मुखवट्यावरून पडलं. मी त्या हौदाशी गेले आणि पाणी घ्यायला वाकतात तसा कठड्यावर डावा हात टेकवला. दगड तिथं नेमका खोलगट झालेला होता. माझ्या आधी किती हात तिथं टेकले असतील? मी पटकन हात काढून घेतला, कुणाची तरी पाळी मोडल्यासारखं वाटलं.

रस्ते खाली आणि फुटपाथ चांगले गुडघाभर वर, कारण हौदांतून सांडलेलं पाणी आणि घाण रस्त्यावरूनच वाहायची. ओलांडायला मध्ये मोठे दगड, आणि त्या दगडांच्या फटींतून गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. पुतणी त्या चाकोरीकडे बघत म्हणाली, "काकू, आपली गाडी इथं बसली नसती." आमचा रात्रीचा तळ प्रवेशद्वाराच्या समोरच होता. पाच-सहा वाजता बसेस गेल्या की तो सगळा परिसर एकदम आपला होतो. मोटरहोमचं खरं सुख मला विचाराल तर हेच. सकाळी सगळ्यात आधी आत आणि संध्याकाळी सगळ्यात शेवटी बाहेर.

पॉम्पेईहून लोकलनं नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात गेलो, ते माझ्या हट्टानं. तिथं एक हस्तिदंताची बाई आहे. जेमतेम वीतभर उंची, अंगावर दागिन्यांचं ओझं, दोन्ही बाजूंना दोन दासी. १९३८ साली ती पॉम्पेईतल्या एका घरात सापडली आणि 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणून ओळखली जाऊ लागली. लक्ष्मी आहे की यक्षी, यावर वाद आहे. पण ती भारतातून गेली यावर नाही. तिच्याशी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेरला आणि भोकरदनला सापडल्या, त्यामुळे ती भोकरदनच्या कारागिरांची असावी असं काही अभ्यासक मानतात. भोकरदन म्हणजे आमच्या जालना जिल्ह्यातलं! माझ्या मावशीचं सासर. सुरक्षारक्षकाला मी ते मराठीत सांगितलं. तो गंभीरपणे "सी, सी" म्हणाला.

अमाल्फीच्या प्रसिद्ध कडेकपारीच्या रस्त्यावर दिवसा कँपरला बंदी आहे, आणि ती रास्तच आहे. आम्ही सालेर्नोहून लाँचनं एक चक्कर मारली, भरपूर फोटो काढले आणि दक्षिणेला लागलो.

आणि पेस्तुम! तिथं आम्ही एक रात्र राहणार होतो, तीन राहिलो. इसवी सनापूर्वी ६००च्या सुमाराला ग्रीक लोकांनी वसवलेलं हे गाव, पोसायदोनिया म्हणजे समुद्रदेवाचं. सपाट गवतावर तीन देवळं उभी आहेत, मधासारख्या रंगाची, आणि त्यांचे खांब मध्ये किंचित फुगलेले, ओझं घेतल्यावर माणूस फुगतो तसे. सर्वांत जुन्या देवळाला समोर नऊ खांब आहेत. नऊ म्हणजे एक खांब बरोब्बर मध्यावर. देवाच्या समोरासमोर जाताच येत नाही, जरा बाजूनं जावं लागतं. ही चूक की मुद्दाम, यावर आमच्या गाडीत दोन दिवस भांडण झालं.

एवढं गाव ओस का पडलं? पाण्यानंच. नदीनं गाळ आणला, पाणी तुंबलं, दलदल झाली. दोन हजार वर्षांपूर्वीच स्ट्रेबो नावाचा भूगोलकार लिहून गेला की इथली हवा रोगट आहे, कारण जवळची नदी दलदलीत पसरते. पुढे मलेरियानं माणसं हटली ती हटलीच, आणि माणसं नव्हती म्हणून देवळांचे दगड फारसे कोणी पळवले नाहीत. अठराव्या शतकात रस्ता नव्यानं आखला गेला तेव्हा जगाला ही देवळं पुन्हा दिसली. डासांचे उपकार म्हणायचे.

त्याच दलदलीत म्हशी मात्र सुखानं राहिल्या. आज या सेले नदीच्या खोऱ्यात म्हशीच्या दुधाचं मोझारेला करतात. सकाळी केलेला, मुठीएवढा गोळा. सुरी लावली की आतून दुधाळ पाणी ताटभर होतं. फ्रीजमध्ये ठेवू नका, असं विकणाऱ्या बाईंनी बोट हलवून बजावलं. आम्ही तो गाडीच्या पायरीवर बसून पोळीबरोबर खाल्ला. हो, पोळ्या मी तिकडेही लाटत होते.

पेस्तुमच्या संग्रहालयात एका थडग्याचं झाकण आहे. १९६८ साली सापडलं. वय जवळजवळ अडीच हजार वर्षं. त्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे फक्त मेलेल्या माणसालाच दिसेल असं, एक चित्र आहे: एक उघडा तरुण उंचावरून पाण्यात सूर मारतोय. अजून पाण्याला टेकलेला नाही. खाली थोडंसं निळसर पाणी, बाजूला दोन काटकुळी झाडं, बाकी सगळं कोरं. आम्ही तिघंही बराच वेळ काही बोललो नाही.

पुढे वेलिया. इथं झेनो नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला, ज्यानं गती अशक्य आहे असं सिद्ध करायचा घाट घातला होता. त्याचं म्हणणं मला त्याच दिवशी दुपारी पटलं. नकाशाखात्याच्या चुकीमुळे आम्ही एका टेकडीवरच्या गावात शिरलो आणि दोन घरांच्या मध्ये अडकलो. दोन्ही आरशांना वीतभर जागा. एक काळ्या कपड्यांतल्या आजीबाई बाहेर आल्या, खिडकीखालची कुंडी उचलून पोटाशी धरली, दुसऱ्या हातानं "ये, ये, ये" अशी खूण करत मागे मागे चालत राहिल्या. वीस मिनिटं. शेवटी कुंडी जागेवर ठेवली, पानं सारखी केली आणि दार लावून घेतलं. आभार मानायचीही सोय ठेवली नाही.

तिथून खाली रेज्जोपर्यंतच्या हमरस्त्याला टोल नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. रेज्जोला समुद्रातून निघालेले दोन ब्राँझचे योद्धे आहेत. १९७२ साली १६ ऑगस्टला रियाचेच्या किनाऱ्याजवळ, जेमतेम आठ मीटर खोल पाण्यात एका पाणबुड्याला वाळूतून वर आलेला हात दिसला. आता त्यांना भेटायला आधी एका काचेच्या खोलीत उभं राहावं लागतं, आपल्या अंगावरची धूळ निघावी म्हणून. आपल्याकडे देवळात शिरण्याआधी पाय धुतात तसं. एका योद्ध्याचे दात चांदीचे आहेत. ओठ किंचित उघडे, त्यामुळे ते दिसतात, आणि तो नुकताच काहीतरी बोलून थांबला असावा असं वाटतं.

रेज्जोहून आयोनियन किनाऱ्यानं तारांतोकडे वळलो. एका भूशिरावर हेरा देवीच्या देवळाचा एकच खांब उरलाय. तिथं डोक्याला शांपू लावलेला असताना माझी टाकी संपली. खात्याची अशी नाचक्की दुसरी झाली नाही. समोर अथांग समुद्र, आणि मी पिण्याच्या दोन बाटल्यांनी केस धुतेय.

मग मातेरा. डोंगरात कोरलेली घरं, एकाच्या छपरावर दुसऱ्याचा रस्ता. गरिबी आणि रोगराई इतकी होती की १९५२ साली कायदा करून तिथल्या हजारो लोकांना बाहेर वसवलं. १९९३ साली तीच घरं जागतिक वारसा झाली. लोक घरं बघतात. मी मुख्य चौकाखालचा हौद बघायला उतरले. 'पालोम्बारो लुंगो' म्हणतात त्याला. खडकात खोदलेला, पंधराएक मीटर खोल, पन्नास लाख लिटर पाणी मावेल एवढा, आणि आतून असा गिलावा की थेंब झिरपू नये. नळ आल्यावर गाव त्याला विसरलं, १९९१ मध्ये तो पुन्हा सापडला. भिंतीवर पाण्याच्या जुन्या रेषा दिसतात. कुठल्या साली किती भरला होता ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण भिंतीनं ठेवलंय.

शेवटचा मुक्काम सांता मारिया दी लेउका, इटलीच्या बुटाची टाच. पुल्या हा सगळा प्रांत तहानलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगराखालून बोगदा काढून त्याच सेले नदीचं पाणी, जिच्या मुखाजवळ पेस्तुम आहे, इकडे वळवलं. १९१५ मध्ये ते बारीला पोहोचलं आणि १९३९ पर्यंत इथं, टोकाला. योजना संपते तिथं समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर एक कृत्रिम धबधबा बांधलाय. तो एरवी बंद असतो. मी कोरड्या पायऱ्यांवर बसून राहिले. पेस्तुमला पाणी जास्त झालं होतं, आणि त्याच बाजूच्या नदीचं पाणी इथं वाट बघून आणलं होतं.

संध्याकाळी टाकी काठोकाठ भरली. दोन दिवसांनी बारीला गाडी परत करायची होती, आणि नियम असा की टाकी रिकामी करून द्यायची. खालचा बोळा काढला की मिनिटात काम होतं. त्या दिवशी काटा चाळीस लिटर दाखवत होता. माझा हात काही होईना. मी बादली मागितली. तळाच्या कुंपणाला कण्हेरी होत्या, धुळीनं माखलेल्या. हे बॅगा उतरवत होते, पुतणी घड्याळ बघत होती. "काकू, विमान आहे आपलं."

"अगं, चारच बादल्या राहिल्यात," मी म्हटलं.