कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत : जॉन ग्लेन यांची आठवण

(दृश्य : ओहायो राज्यातलं न्यू कॉन्कर्ड. छोटं गाव, टेकडीवरची दफनभूमी, कडेला झाडी.)

मे महिन्याचा शेवट. युद्धात कामी आलेल्या जवानांना आठवण्याचा दिवस. गावातला प्लंबर दफनभूमीत उभा राहून बिगुल वाजवतोय. पहिल्या महायुद्धात लढून आलेला माणूस. त्याचे सूर विरतात न विरतात तोच झाडीतून तेच सूर पुन्हा येतात, हळू, लांबून. तिथं त्याचा मुलगा ट्रम्पेट घेऊन उभा आहे. बापानं ओळ वाजवायची, मुलानं तिला साद द्यायची. धून आहे ‘टॅप्स’, सैनिकाला शेवटचा निरोप देताना वाजवतात ती.

तो मुलगा म्हणजे जॉन ग्लेन. जन्म १८ जुलै १९२१. पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारा पहिला अमेरिकी म्हणून जग त्यांना ओळखतं. आम्हाला मात्र त्यांच्याकडे बघताना ती झाडी आधी आठवते. हाक आली की साद द्यायची, हे त्यांच्या अंगात तिथं मुरलं.

(दृश्य : प्रशांत महासागरावरची लढाऊ विमानं.)

पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि ग्लेन कॉलेज सोडून वैमानिक व्हायला निघाले. अमेरिकी सैन्याच्या मरीन कोअर या दलातून दुसऱ्या महायुद्धात ५९ मोहिमा, पुढे कोरियात ९०. कोरियात त्यांचं विमान अडीचशेच्या वर भोकं पडून परतलंय. बेसबॉलमधला दिग्गज टेड विल्यम्स तिथं त्यांच्या जोडीनं उडत असे. युद्ध संपायला आलं तेव्हा, जुलै १९५३ मध्ये, शेवटच्या काही दिवसांत त्यांनी शत्रूची तीन मिग विमानं पाडली.

मग ते चाचणी वैमानिक झाले. नवं विमान पहिल्यांदा ताणून बघायचं, ते कुठं दगा देतं ते शोधायचं आणि जिवंत परत येऊन सांगायचं, असं हे काम. १६ जुलै १९५७ ला त्यांनी क्रुसेडर विमान लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला ३ तास २३ मिनिटांत नेलं. वाटेत तीनदा हवेतच इंधन भरलं.

(दृश्य : केप कॅनाव्हरल, २० फेब्रुवारी १९६२.)

रशियाचे गागारिन आणि तितोव आधीच पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आले होते. अमेरिकेकडून ग्लेन जाणार होते, पण त्यांचं उड्डाण पुन्हा पुन्हा पुढं ढकललं जात होतं. कक्षेचं गणित नव्या संगणकानं केलेलं, पण ग्लेन यांनी निरोप धाडला की नासातल्या गणितज्ञ कॅथरिन जॉन्सन यांच्याकडून आकडे तपासून घ्या. जॉन्सनबाईंनी हातानं सगळं पुन्हा मांडलं, जुळलं, आणि मगच ॲटलास रॉकेट निघालं.

‘फ्रेंडशिप ७’ ही अवकाशकुपी इतकी अरुंद की माणूस तिच्यात बसत नसे, ती अंगावर चढवत असे. पहिली फेरी संपता संपता स्वयंचलित नियंत्रण बिघडलं. ग्लेन यांनी दांडा हातात घेतला आणि कुपी स्वतः चालवली. तोवर खाली जमिनीवर वेगळीच धडकी भरली होती. उष्णतारोधक कवच सैल झाल्याचा संकेत येत होता. परतताना ते कवच निसटलं तर माणूस जळून खाक होणार. कवचाच्या बाहेर, पट्ट्यांनी आवळलेला छोट्या रॉकेटांचा संच होता. एरवी तो आधीच टाकून देतात. या वेळी ठरलं की राहू द्या, पट्ट्या कवचाला धरून ठेवतील.

हे सगळं ग्लेन यांना लगेच सांगितलं नव्हतं. खालून विचारलेल्या प्रश्नांवरून त्यांनी ताडलं. मग खिडकीबाहेर पेटलेले तुकडे उडताना दिसायला लागले. तो रॉकेटांचा संच होता की कवचच, हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी दांडा सोडला नाही. ४ तास ५५ मिनिटांत तीन प्रदक्षिणा पुऱ्या करून कुपी अटलांटिकमध्ये उतरली. नंतर कळलं की कवच शाबूत होतं, संकेतच खोटा होता.

पुढं ती कुपी जगभर फिरवली. लोक तिला गमतीनं ‘चौथी प्रदक्षिणा’ म्हणत. त्या फेरीत ती मुंबईलाही येऊन गेली.

(दृश्य : अ‍ॅनी ग्लेन, जुनी छायाचित्रं.)

आता अ‍ॅनी. त्यांच्याशिवाय ही गोष्ट सांगता येत नाही. दोघं रांगत्या वयापासूनचे सवंगडी. ६ एप्रिल १९४३ ला लग्न झालं. अ‍ॅनी फार तोतरं बोलत, बहुतेक शब्दांवर अडखळत. एकदा मुलीच्या पायात खिळा घुसला तर मदतीसाठी फोन करता येईना. शेजाऱ्यांना बोलवावं लागलं.

२७ जानेवारी १९६२ ला ग्लेन कुपीत तासन् तास ताटकळले आणि उड्डाण रद्द झालं. तेव्हा अमेरिकेचे उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन ग्लेन यांच्या घराबाहेर येऊन थांबले होते, कॅमेऱ्यांसह आत यायचं म्हणून. अ‍ॅनींनी नकार दिला. वरिष्ठांनी ग्लेन यांना गाठलं, म्हणाले, बायकोला समजवा. ग्लेन यांनी फोनवर सांगितलं, तू म्हणशील तसं, मी तुझ्या मागं आहे. आमच्या मते त्या वर्षातलं हे त्यांचं दुसरं धैर्य, आणि पहिल्याहून तसूभरही कमी नाही.

प्रत्येक वेळी निघताना ते म्हणायचे, “कोपऱ्यावरच्या दुकानातून च्युइंग गमचं पाकीट घेऊन येतो.” त्या म्हणायच्या, “उशीर नको करूस.” युद्धावर जातानाही हेच.

१९७३ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, अ‍ॅनींनी व्हर्जिनियातल्या हॉलिन्स कॉलेजात तीन आठवड्यांचे उपचार घेतले. त्या बोलायला लागल्या. नवऱ्याला म्हणाल्या, “जॉन, किती वर्षं सांगायचं होतं, तुझे मोजे उचलून ठेव.” पुढं त्यांनी सभा गाजवल्या, आणि तोतरेपणाशी झगडणाऱ्यांसाठी आयुष्यभर उभ्या राहिल्या.

(दृश्य : क्लीव्हलँड, १९७४.)

सिनेटच्या उमेदवारीसाठी लढताना प्रतिस्पर्ध्यानं टोमणा मारला होता की ग्लेन यांनी कधी नोकरीच केली नाही. ग्लेन यांनी भर सभेत उत्तर दिलं : माझ्यासोबत माजी सैनिकांच्या रुग्णालयात चला, हातपाय गमावलेल्या त्या माणसांच्या डोळ्यांत बघा आणि त्यांना सांगा की तुम्ही नोकरी केली नाही. सभागृह उठून उभं राहिलं. पुढची चोवीस वर्षं ते सिनेटमध्ये होते. अण्वस्त्रप्रसार रोखणाऱ्या १९७८ च्या कायद्यामागं त्यांचा मोठा हात. डागही लागला. एका बँक प्रकरणात सिनेटच्या समितीनं त्यांच्या निर्णयबुद्धीवर बोट ठेवलं. तेही इथं सांगायलाच हवं.

१९९८ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, ते डिस्कव्हरी यानातून पुन्हा अवकाशात गेले. म्हातारपणात शरीराचं जे होतं तेच वजनहीनतेत तरुणांचंही होतं, हाडं झिजतात, झोप उडते. मग मलाच तपासा ना, म्हणून ते स्वतःहून पुढं आले. निघताना अ‍ॅनींच्या हातात गमचं पाकीट ठेवलं.

परतल्यावर घरी बसले नाहीत. ओहायो स्टेट विद्यापीठात लोकसेवेचं शिक्षण देणारी संस्था उभी केली. शाळेतल्या मुलांनी गावाच्या कामात उतरून शिकावं, यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं. नव्वदीपर्यंत स्वतःचं विमान उडवलं. गुडघे साथ देईनात, पंखावर चढणं जमेना, तेव्हा ते विकलं.

(दृश्य : आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमी.)

८ डिसेंबर २०१६ ला ते गेले, पंचाण्णव वर्षांचे होऊन. दफन मात्र ६ एप्रिल २०१७ ला झालं. लग्नाचा चौऱ्याहत्तरावा वाढदिवस. सत्त्याण्णव वर्षांच्या अ‍ॅनी समोर बसल्या होत्या. घडी घातलेला झेंडा त्यांच्या हाती आला. आणि बिगुल वाजला, न्यू कॉन्कर्डच्या टेकडीवर वाजायचा तसा.