तारीख आणि वार

श्रोतेहो, नमस्कार.

दर रविवारी सकाळी मी घरच्यांना एक पत्र लिहितो. दोन मुलगे, एक मुलगी, दोन सुना, जावई आणि पाच नातवंडं. आमचं धरून चार घरं, चारही वेगवेगळ्या गावांत. पत्र वहीत लिहितो, शाईनं, आणि फोनवर पानाचा फोटो काढून सगळ्यांना धाडतो. याला 21 वर्षं झाली. 11 वह्या भरल्या.

पत्रात काय असतं? कोणाला ताप आला, कोण परीक्षेला बसलं, कोणाचा पाय मुरगळला, कोण कोणाशी दोन दिवस बोललं नाही आणि मग बोललं. वाईट बातमीही लिहितो. मुलांना काही कळू देऊ नये असं मानणारी मंडळी आहेत, मला ते अजिबात पटत नाही. नातवंडांना आजीचं दुखणं कळलंच नाही, तर तिचं बरं होणं तरी कसं कळणार? आणि पत्राच्या शेवटी एका माणसाचे आभार, नाव घेऊन आणि कशाबद्दल ते सांगून. नुसतं ‘सर्वांचे आभार’ लिहिलं की ते कोणालाच पोचत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आज तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. असं पत्र लिहिणार असाल, तर वर तारीख लिहा आणि वार लिहा. तारीख आणि वार, दोन्ही. का, ते सांगतो.

आठवड्यातून एकदा असं लिहिल्यानं काय होतं, हे अभ्यासकांनीही पाहिलं आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी 10 आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या. दुसऱ्या काहींना आठवड्यातल्या कटकटी लिहायला लावल्या. पहिल्या गटातल्या मुलांना आपलं आयुष्य अधिक बरं वाटलं, येणाऱ्या आठवड्याबद्दल आशा जास्त वाटली. अभ्यास चांगलाच आहे. पण मला जे कळलं ते रुग्णालयातल्या एका पहाटे कळलं.

तीन वर्षं झाली. एका गुरुवारी ही न्हाणीत घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली. रात्री डॉक्टर म्हणाले, हिमोग्लोबिन फार उतरलंय, रक्त द्यावं लागेल. थोरला तोवर येऊन पोचला होता. रक्तपेढीनं सांगितलं, पिशवी आहे, बदल्यात कोणी रक्त देईल का? तो तसाच गेला आणि देऊन आला. त्याचं रक्त हिला नाही मिळालं, ते कोणा दुसऱ्याकडे गेलं असणार. हिच्यासाठी आधीच घेऊन ठेवलेली पिशवी आली.

शनिवारची पहाट. दोन परिचारिका खाटेशी उभ्या राहिल्या. एकीनं पिशवीवरचा क्रमांक मोठ्यानं वाचला, दुसरीनं कागदावरचा वाचला. रक्तगट वाचला. हिला तिचं नाव विचारलं. ही अर्धवट गुंगीत, पण तिनं नाव सांगितलं. मग पिशवी लावली. मला म्हणाल्या, बाबा, लक्ष ठेवा, थंडी वाजली, अंगावर पुरळ आलं, तर लगेच हाक मारा.

मी खुर्ची ओढून बसलो. पिशवीखाली एक लहानशी पारदर्शक नळी असते, तिच्यात थेंब पडताना दिसतो. थेंब लोंबतो, फुगतो, पडतो. मी ते बघत होतो आणि माझ्या डोक्यात दुसराच थेंब पडत होता. न्हाणीतला नळ ठिबकत होता. किती दिवस ठिबकत होता आणि मी करू, करू म्हणत होतो. त्याच पाण्यावरून हिचा पाय सरकला. हे मी तोवर कोणाला बोललो नव्हतो.

उठून पिशवीवरची चिठ्ठी वाचली, कारण नुसतं बसवेना. रक्तगट होता, क्रमांक होता, रक्त घेतल्याची तारीख होती, मुदत संपण्याची तारीख होती. नाव नव्हतं. देणाऱ्याचं नाव पिशवीवर नसतंच. आणि मला तर रविवारी पत्राच्या शेवटी एका माणसाचे नाव घेऊन आभार लिहायचे होते. मग मी रक्त घेतल्याची तारीख तेवढी हातातल्या पावतीच्या मागे उतरवून घेतली. 18 दिवसांपूर्वीची तारीख. लाल पेशी थंड ठेवल्या की 35 ते 42 दिवस टिकतात, हे मला नंतर समजलं.

रविवारी घरी येऊन वही उघडली. पावतीवरची तारीख शोधली. मंगळवार होता. त्या आठवड्याचं पत्र काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, “मंगळवारी धाकट्याचा पुढचा दात पडला, त्यानं तो काडेपेटीत ठेवला आहे. मंगळवारपासूनच न्हाणीतला नळ ठिबकतो आहे, बघायला हवं. हिचे गुडघे बरे. बाकी विशेष नाही.”

श्रोतेहो, तोच मंगळवार! ज्या दिवशी नळ ठिबकू लागला आणि मी तो तसाच सोडला, त्याच दिवशी कुठेतरी कोणीतरी बाही वर करून हिच्यासाठी रक्त देत होतं. आम्हाला गरज पडण्याच्या 18 दिवस आधी. त्याला आम्ही माहीत नव्हतो. त्या दिवशी आम्हालाही काही माहीत नव्हतं, आम्ही दाताचं कौतुक करत होतो. तारीख आणि वार लिहिलेला नसता, तर हे मला कधीच दिसलं नसतं.

मी देवाला मानतो. लहानपणापासून मानतो. पण तोवर मी त्याच्याकडे मागत होतो ते पुढचं, हे होऊ दे, ते टळू दे. त्या रविवारी पहिल्यांदा मी मागच्यासाठी हात जोडले. काही न मागता, नुसता बसून राहिलो. नळाचं हिला रुग्णालयात जाऊन सांगितलं. पान वाचून दाखवलं. ही ऐकत होती. मग म्हणाली, “त्या माणसाला नमस्कार लिहिलात का?” मी म्हटलं, नाव कुठे आहे? तर म्हणाली, “तारीख आहे ना? तारखेला लिहा.”

तसंच लिहिलं. “त्या मंगळवारी रक्त देणाऱ्यास, साष्टांग नमस्कार.” कुठे पाठवायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून चारही घरी पाठवलं.

एक सांगून ठेवतो, विषयाला सोडून आहे, तरी सांगतो. घरातला ठिबकता नळ आजच्या आज दुरुस्त करा. वयस्कर माणूस घरात असेल तर ओली फरशी दिसल्याबरोबर पुसा. आणि 14 जून हा जागतिक रक्तदाता दिन आहे. रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर यांचा तो जन्मदिवस. ज्यांच्या घरी कधी कोणाला रक्त चढवलं गेलं असेल, त्यांनी हा दिवस लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

वेळ संपत आली. या रविवारचं पत्र वाचून दाखवतो, म्हणजे कसं लिहितात ते कळेल. वर तारीख आहे, वार आहे. मग मजकूर असा:

“सगळे सुखरूप. ही काठीशिवाय फाटकापर्यंत जाऊन आली, दोनदा. धाकट्याला चष्मा लागला आहे, तो त्याला आवडला आहे, त्याला कोणी चिडवू नये. थोरल्या नातीला या महिन्यात 18 पूर्ण झाली. गुरुवारी कॉलेजात शिबिर होतं, तिनं रक्त दिलं. सुई बघून घाबरले, पण हात मागे घेतला नाही, असं तिनं फोनवर सांगितलं. बाळा, आभार या वेळी तुझे. गुरुवार मी वहीत लिहून ठेवला आहे. न्हाणीतला नळ ठीक आहे, रोज बघतो.”

नमस्कार.