लोगो दिसला, मग डिस्क का सापडेना?

२००८च्या आसपासची गोष्ट. इथलं आपलं इंदूरचं सियागंज, एका आडत्याची पेढी. हिशेबाचं मशीन विंडोज एक्सपीवर चालायचं. ते दुरुस्त नव्हतं करायचं, मीच शहाणपणा करायला गेलो. डिस्कशी बोलायच्या दोन रीती, जुनी आयडीई आणि नवी एएचसीआय; ते बोलणं करणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. विंडोजचा मूळचा डिस्क ड्रायव्हर काढून चिपसेटवाल्यांचा एएचसीआय ड्रायव्हर घालू, डिस्क पळेल, असा हिशेब. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये, आयडीईचं एएचसीआय केलं आणि मशीन सुरू केलं. एक्सपीचा लोगो आला, खालची पट्टी दोनदा सरकली आणि निळा पडदा. स्टॉप ७बी, म्हणजे ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं तीच सापडत नाही.

पेढीवरचे मुनीमकाका म्हणाले, "अहो, डिस्क सापडत नाही, तर लोगो कुठून वाचला?"

मंडळी, माझं आजचं सगळं व्याख्यान म्हणजे काकांच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या दिवशी मला ते देता आलं नव्हतं.

लोगोपर्यंतचं वाचन विंडोजचा ड्रायव्हर करतच नाही. ते बायोस करतं, इंटरप्ट १३एच या त्याच्या जुन्या सोयीतून. एनटीएलडीआर हा बूटलोडर, म्हणजे विंडोजला मेमरीत चढवणारा छोटा प्रोग्रॅम, बायोसच्या हातून कर्नल (विंडोजचा गाभा), रजिस्ट्री या विंडोजच्या नोंदवहीचा सिस्टिम भाग आणि 'बूटलाच लागणारे' म्हणून नोंदलेले ड्रायव्हर मेमरीत आणून ठेवतो. मग कारभार कर्नलकडे जातो आणि बायोसला पुन्हा कोणी विचारत नाही. ओंकारेश्वरला नावाडी तुम्हाला पलीकडच्या काठावर सोडून परत फिरतो, पुढच्या पायऱ्या तुमच्या तुम्हीच चढायच्या. तसंच. माझ्या कर्नलपाशी होता जुना आयडीईचा ड्रायव्हर, आणि समोर उभा एएचसीआय कंट्रोलर, डिस्क सांभाळणारी चिप. एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हरच नव्हता. समजा, त्याची फाइल मी डिस्कवर नुसती टाकून ठेवली असती, तरी ती वाचायची कोणी?

म्हणून एक्सपी बसवताना एफ६ दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी घालायची ती भानगड होती. नुसत्या एका यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हसाठी मी अर्धा जेल रोड पालथा घातलाय, हसू नका.

बसवलेल्या मशीनवर रीत वेगळी. आधी जुन्याच आयडीईवर बूट करायचं. नवा ड्रायव्हर घालून रजिस्ट्रीत त्याचा स्टार्ट शून्य करायचा, म्हणजे तो 'बूटलाच लागणारा' ठरतो. तीन असेल तर तो नंतर, मागितल्यावर येतो, आणि तोवर खेळ संपलेला असतो. शिवाय क्रिटिकल डिव्हाइस डेटाबेसमध्ये नोंद, की पीसीआय वर्ग ०१०६चं यंत्र, म्हणजे एएचसीआय कंट्रोलर, दिसलं की हा ड्रायव्हर. हे झाल्यावरच बायोसला हात लावायचा. मी नेमका उलट गेलो होतो.

गंमत अशी की याआधी ही चूक एवढी महाग पडत नसे. १९९२च्या विंडोज ३.१मध्ये '३२-बिट डिस्क अॅक्सेस' नावाची सोय होती. बायोसला वळसा घालून थेट कंट्रोलरशी बोलायचं. पण सोबत आलेला ड्रायव्हर वेस्टर्न डिजिटलच्या १००३ जातीच्या कंट्रोलरपुरताच. बाकीच्यांनी आपला ड्रायव्हर लिहून सिस्टिम डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलीत त्याच्या जागी घालायचा. नाही जमलं, तर ती ओळ काढून टाकायची. बायोसची वाट खाली शाबूत असे. एक्सपीच्या कर्नलनं ती वाट सोडली.

लिनक्समध्येही पेच हाच, फक्त तोडगा उघड दिसतो: ड्रायव्हर इनिट्रॅमएफएस नावाच्या, बूटच्या वेळी मेमरीत चढणाऱ्या फाइलींच्या गाठोड्यात बांधायचा आणि बूटलोडरनं ते कर्नलबरोबर उचलायचं. ड्रायव्हर बदलून गाठोडं नव्यानं बांधायला विसरलात, तर कर्नल 'रूट सापडत नाही', म्हणजे सिस्टिम असलेली मुख्य डिस्क दिसत नाही, म्हणून तिथंच बसतो. जुना कर्नल मेन्यूत राहू द्या. मी दोनदा त्याच्यावर तरलोय.

आडत्याचं मशीन? बायोसमध्ये परत आयडीई केलं आणि ते निमूट सुरू झालं. एएचसीआयचा खरा फायदा एनसीक्यूचा: एकाच वेळी बऱ्याच मागण्या आल्या की डिस्क त्या सोयीच्या क्रमानं उरकते. पेढीवर मागणारे एकटे मुनीमकाका, तेही एका बोटानं टाइप करणारे. मी ते आयडीईवरच राहू दिलं.