मिनी स्ट्रिप: थर उतरवलेली गाडी

कारखान्यात पत्रा घासताना पडलेले हे ओरखडे एरवी रंगाखाली कायमचे झाकले जातात. या गाडीवर ते मुद्दाम ठेवले आहेत. जस्तलेपित पोलादाला गंज चढू नये, एवढ्यापुरताच वर पारदर्शक लेप आहे.

ब्रिटिश फॅशन डिझायनर पॉल स्मिथ आणि मिनी कंपनी यांनी मिळून घडवलेली ही संकल्पनात्मक विजेवरची गाडी ऑगस्ट 2021 मध्ये लंडनला लोकांसमोर आली. कारखान्यातून निघणारी तीन दारांची मिनी कूपर एसई पूर्ण उघडी करायची आणि मग जे खरोखर लागते तेवढेच परत बसवायचे, अशी कामाची पद्धत होती. मिनीच्या घराण्याला ती शोभणारीच होती. 1956 च्या सुएझ कालव्याच्या संकटात ब्रिटनला पेट्रोल पुरेना, तेव्हा अभियंते अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवून जेमतेम दहा फूट लांबीच्या गाडीत चार माणसांची सोय केली आणि 1959 मध्ये पहिली मिनी रस्त्यावर आली.

आता स्टिअरिंगजवळून पाहू. त्यावर चामडे नाही. शर्यतीच्या सायकलच्या हँडलला गुंडाळतात तीच पट्टी आहे. पॉल स्मिथ यांना तरुणपणी सायकलपटू व्हायचे होते, पण सतराव्या वर्षी झालेल्या अपघाताने ते स्वप्न संपले. दार ओढायला गिर्यारोहणाचा नारिंगी दोर आहे, डॅशबोर्डच्या माथ्यावर फेसाळ प्लास्टिकऐवजी पुनर्वापरातले बूच (कॉर्क) आहे, तर पायाखाली जुन्या रबरापासून केलेल्या चटया आहेत. आसनांचे विणलेले कापड, त्याच्या किनारीसकट, एकाच प्रकारच्या धाग्याचे आहे. मिश्र धागे वेगळे करणे अवघड असते, म्हणून बहुतेक गाड्यांच्या आसनांचे कापड शेवटी कचऱ्यात जाते. त्यामुळे या साध्या दिसणाऱ्या आसनांमागचा विचार सर्वांत मोलाचा वाटतो. बंपरवरचे स्क्रूही उघडे ठेवले आहेत, कारण आयुष्य संपल्यावर गाडी सहज सुटी करता यावी, हे बांधतानाच ठरले होते. डॅशबोर्डच्या मधला स्क्रीन काढून टाकला असून त्याच्या जागी चालकाचा मोबाइल बसतो.

अशी गाडी एकच झाली. 2022 मध्ये पॉल स्मिथ यांनी 1998 च्या एका जुन्या मिनीत 72 किलोवॅटची विद्युत मोटर बसवून घेतली, आणि 2023 मध्ये सादर झालेल्या नव्या मिनी कूपरमधून चामडे आणि क्रोम दोन्ही वगळण्यात आले.