अर्पणपत्रिकेचे पान

श्रोतेहो, नमस्कार.

पदवी परीक्षांचे निकाल लागले, की गुणवंतांच्या छायाचित्रांखाली एक वाक्य हमखास छापून येते : ‘या यशात आई-वडील, गुरुजन आणि मित्रपरिवार यांचा मोलाचा वाटा आहे.’ वाक्यात खोटे काही नाही. पण ते कोणत्याही विद्यार्थ्याच्या नावाखाली टाकले तरी चालते, आणि म्हणूनच ज्यांच्यासाठी ते लिहिलेले असते त्यांना ते वाचून विशेष काही वाटत नाही. आज मला एवढेच मांडायचे आहे, की आपले महाविद्यालयीन शिक्षण ज्यांच्यामुळे पार पडले त्यांचे आभार मानताना त्यांनी नेमके काय केले हे सांगावे. पुन्हा सांगतो : कोणी मदत केली एवढ्यावर थांबू नये, काय केले तेही सांगावे.

याचा मला आवडणारा नमुना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अर्पणपत्रिकांमध्ये आहे. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा लंडन विद्यापीठासाठीचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि तो त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. संस्कार, आशीर्वाद, पुण्याई हे आपले ठेवणीतले शब्द त्या ओळींत नाहीत. माझ्या शिक्षणाच्या बाबतीत त्यांनी जो त्याग केला आणि जी जाण दाखवली, तिच्याबद्दलची ही कायमची कृतज्ञता आहे, असा त्या ओळींचा आशय आहे. ‘माझ्या शिक्षणाच्या बाबतीत’ हे शब्द कृपया लक्षात ठेवा, कारण ते पुन्हा येणार आहेत.

हा त्याग कोणता, हे समजून घ्यायचे तर मुंबईत परळच्या डबक चाळीत जावे लागते. ही हकीकत मी संधी मिळेल तिथे सांगत आलो आहे आणि आजही ती आवरती घेण्याचा माझा विचार नाही.

बाबासाहेबांचे, म्हणजे तेव्हाच्या भीमरावाचे, वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झालेले होते. महिन्याला पन्नास रुपये निवृत्तिवेतन येत असे आणि त्यात सगळ्या कुटुंबाचा खर्च चालवायचा असे. चाळीतली खोली एकच. तिच्यातच चूल, तिच्यातच सरपण, तिच्यातच भांडीकुंडी आणि माणसे. एका बाजूला जाते, दुसरीकडे बांधलेली शेळी, आणि या सगळ्यांतून उरलेल्या जागेत भीमरावाने अभ्यास करायचा. दिवसा आणि संध्याकाळी त्या खोलीत वाचन होणे शक्य नव्हते. रामजींनी त्यावर तोडगा काढला. त्यांनी मुलाला रात्री लवकर झोपायला सांगितले आणि स्वतः दोन वाजेपर्यंत जागे राहू लागले. चाळ निजली, गलबला थांबला, की दोन वाजता ते मुलाला उठवत. तो काच नसलेल्या रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्याशी पुस्तक घेऊन बसे, आणि मग वडील जाऊन आडवे होत. जागा एकालाच पुरेल एवढी होती, म्हणून बापलेकांनी रात्र वाटून घेतली, आणि त्या वाटणीत जागरणाचा भाग बापाने आपल्याकडे ठेवला. परीक्षेच्या दिवसांत मुलांसाठी जागणारे पालक आपल्याला ठाऊक आहेत. इथे मात्र एक निवृत्त सैनिक, ज्याची विश्रांती घेण्याची वेळ आलेली होती तो, मुलाला शांतता मिळावी म्हणून पहारा दिल्यासारखा बसून राहत होता.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. भीमरावाला क्रमिक पुस्तकांवर समाधान नव्हते. त्याला आणखी पुस्तके हवी असत, विकत हवी असत, आणि रामजींनी ‘आधी शाळेचे वाच’ असे सांगून त्याला कधी परतवले नाही. खिशात पैसे नसले, की ते घराबाहेर पडत आणि लग्न होऊन सासरी गेलेल्या आपल्या लेकींकडे जात. मंजुळा आणि तुळसा या त्यांच्या मुली. लेकीकडे पैसे असले तर उसने घ्यायचे. नसले तर तिच्या अंगावरचा एखादा दागिना मागायचा, तो गहाण टाकायचा, आलेल्या पैशांतून पुस्तक घ्यायचे आणि निवृत्तिवेतन हाती आले, की दागिना सोडवून लेकीला परत नेऊन द्यायचा. श्रोतेहो, या व्यवहाराकडे जरा नीट पाहा. लेकीच्या घरचे पाणीही जपून पिणाऱ्या बापांचा तो काळ होता. लग्नात मिळालेला दागिना ही सासरी नांदणाऱ्या बाईची एकमेव शिल्लक असे, आणि ती काढून देताना घरात काय सांगायचे हा प्रश्न तिचा तिने सोडवायचा असे. बापाने तो दागिना कोणाच्या आजारपणासाठी किंवा लग्नकार्यासाठी मागितलेला नाही. पाठ्यक्रमात नसलेल्या पुस्तकासाठी मागितलेला आहे. तो दागिना दर वेळी देणारी लेक शाळेच्या पटावर नसली, तरी शिक्षणाची किंमत तिला कळलेली होती, असे मी मानतो.

रामजी २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. आई भीमाबाई तर त्यांच्या लहानपणीच गेलेली होती. म्हणजे ग्रंथ निघाला तेव्हा ते पान वाचायला दोघांपैकी कोणीही नव्हते, आणि तरीही त्यांचे ऋण विषयाच्या उल्लेखासह नोंदवले गेले. बहिणी मात्र त्या पानावर नाहीत. बाबासाहेबांविषयी पूर्ण आदर ठेवूनही मला हे दर वेळी खटकते. आपल्याकडे मुलाच्या शिक्षणाचा हिशेब मांडताना बापाचे कष्ट मोजले जातात आणि बहिणीचे सोने ‘घरातलेच’ म्हणून धरले जात नाही. हे तेव्हाच होते असेही नाही.

आता दुसरे पान. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ मध्ये निघाला आणि तो बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना अर्पण केलेला आहे, तोही शिक्षणाच्या बाबतीत केलेल्या मदतीबद्दलची कृतज्ञता म्हणून. पुन्हा तेच शब्द : ‘माझ्या शिक्षणाच्या बाबतीत’. एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना रामजींचे हात टेकले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर या शिक्षकांनी भीमरावाला महाराजांकडे नेले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळाली, आणि त्या बदल्यात संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार झाला. ही नोकरी टिकली नाही. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना, कचेरीतले शिपाई विटाळाच्या भीतीने कागद दुरून टाकत, आणि अखेर त्यांना ते शहर सोडावे लागले. एवढे सोसल्यावर ती अर्पणपत्रिका लिहिली गेली आहे. शिष्यवृत्ती देणारा एक आणि अपमान करणारे दुसरे, हा भेद त्यांनी ठेवला. एका कटू अनुभवामुळे सगळे महाविद्यालयच वाईट ठरवून, तिथे आपल्याला हात देणाऱ्यालाही विसरणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

केळूसकरांसारखी माणसे आपल्या आभाराच्या यादीतून नेहमी निसटतात, कारण त्यांनी पैसे दिलेले नसतात, पैसे देणाऱ्यापर्यंत पोहोचवलेले असते. सत्पात्र मुलगा आणि समर्थ दाता यांच्यामध्ये एक ओळख करून देणारा लागतो. सवलतीच्या अर्जाची मुदत संपत आल्याचे मुद्दाम येऊन सांगणारा महाविद्यालयातला लिपिक हा त्याच जातीचा उपकारकर्ता असतो. जाता जाता सांगतो, पीएच.डी.च्या प्रबंधांतली ऋणनिर्देशाची पाने मी आवडीने वाचतो. मार्गदर्शकांचे आभार असतात, त्यांच्या सौभाग्यवतींचेही असतात, पण धुळीतून संदर्भग्रंथ काढून आणणाऱ्या ग्रंथालयातल्या सेवकाचे नाव क्वचितच भेटते.

आणि काहींचे आभार मानायला आपण पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने काढून दिले, मंगळसूत्रही ठेवले नाही. १९३० मध्ये त्या गेल्या. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर चालणारे, भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय साताऱ्यात सुरू झाले ते १९४७ मध्ये.

तेव्हा, ज्यांचे आभार मानायचे ती माणसे हयात असतील, तर ते लेखी मानावेत. शाल आणि श्रीफळ देऊन केलेल्या सत्काराला माझा विरोध नाही, पण त्यात सत्कारमूर्तीपेक्षा सत्कार करणाराच अधिक बोलतो, असे माझे निरीक्षण आहे. पत्र साधे असावे. कोणत्या वर्षी, कोणत्या वर्गात असताना, कोणती अडचण होती आणि तुमच्या मदतीने ती कशी सुटली, हे त्यात यावे. शुल्क भरले असेल तर शुल्क लिहावे. डबा पाठवला असेल तर डबा लिहावा. आपली पुस्तके वर्षभर वापरू दिली असतील तर त्या पुस्तकांची नावे लिहावीत. बहिणीने शिक्षण सोडून घर सांभाळले असेल, तर ते तिला उद्देशून लिहावे, आई-वडिलांच्या पत्रात शेवटी जोडू नये. आणि शिष्यवृत्ती एखाद्या न्यासाची असेल, तर पत्रासोबत गुणपत्रिकेची प्रत आणि सध्या आपण काय करतो याच्या चार ओळी अवश्य जोडाव्यात. पुढच्या वर्षीच्या अर्जांचा गठ्ठा समोर घेऊन बसलेल्या विश्वस्तांना तो कागद फार उपयोगी पडतो.

नमस्कार.