हजार-दीड हजारात भरदार बेस

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजं सुरू झाली की ओळखीतली मुलं-मुली हमखास विचारायला येतात, "दादा, हजार-दीड हजारात चांगल्या बेसचा इअरफोन सांगा ना." मी रेकॉर्डिंगचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या दारात येणं साहजिक आहे. काही जाणकार मंडळी या मागणीला नाकं मुरडतात. बेस मागणाऱ्याला गाणं कळत नाही, असा त्यांचा सूर असतो. मला ते अजिबात पटत नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावून तिचा आवाज खाली आणणारी आपली परंपरा, गणपती जवळ आले की नदीपात्रात कमरेला ढोल बांधून तासन् तास सराव करणारी आपली मुलं... या लोकांना खालचा आवाज, म्हणजेच बेस, आवडणारच. तो कमी पैशांत नीट कसा मिळवायचा, एवढंच आज बोलणार आहे.

सगळ्यात महत्त्वाचं ते आधी सांगतो. कानात घालायच्या इअरफोनचा बेस सर्वांत आधी त्याच्या टोकाच्या रबरावर अवलंबून असतो. महागातला इअरफोन घेतला आणि रबर कानात सैल बसलं, तर बेस गेलाच म्हणून समजा.

असं का होतं, ते पाहू. इअरफोनच्या आत एक पातळ पडदा असतो, साधारण दहा मिलिमीटर व्यासाचा. एवढासा पडदा खोलीतली हवा काय हलवणार? पण कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते. रबराने तिचं तोंड बंद झालं की आत चिमूटभर हवा कोंडली जाते, आणि तेवढी हवा दाबायला-सोडायला तो पडदा पुरतो. बारीकशी फट राहिली, की हा दाब फटीतून निसटतो. गंमत अशी, की वरच्या आवाजांना त्याचा फारसा फटका बसत नाही. गायिकेचा आवाज, झांजा, बासरी सगळं ऐकू येतं, फक्त बुड गायब होतं. मग आपण म्हणतो, कंपनीने फसवलं.

याची परीक्षा घरच्या घरी होते. गाणं चालू ठेवा आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. बेस एकदम वाढला, तर रबर लहान पडतंय किंवा तिरकं बसलंय. खोक्यात बहुतेक वेळा लहान, मध्यम, मोठी अशा तीन जोड्या येतात. आपण मधली जोडी लावलेली असते तशीच वापरतो आणि बाकीच्या खोक्यासकट माळ्यावर जातात. त्या काढा. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. डाव्याला मध्यम, उजव्याला मोठं, असं खुशाल लावा. घालायचीही एक पद्धत आहे. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान जरा वर आणि मागे ओढायचा, नळी सरळ होते, मग इअरफोन आत सरकवायचा आणि कान सोडून द्यायचा. बाहेरचा आवाज एकदम दबला, स्वतःचं बोलणं डोक्यात घुमायला लागलं, की समजायचं, बसला.

कुठलंच रबर बसत नसेल तर फोमचे टिप्स मिळतात. ते चिमटीत दाबून बारीक करायचे, कानात घालायचे आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचे. फोम फुगतो आणि नळीचा आकार घेतो. घामाने ते काही महिन्यांत खराब होतात, बदलावे लागतात. तरीही आधी शंभर-दोनशे रुपये टिप्सवर घालवून बघा, नवा इअरफोन नंतर.

आता बेस म्हणजे नेमका कुठला आवाज, ते जरा निवांत पाहू, कारण फसगत इथेच होते. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांपर्यंत, ऐकतो. त्यातला २० ते २५० हा पट्टा बेसचा. पण या पट्ट्यातही दोन घरं आहेत. साठच्या खालचा आवाज कानाला ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, ती या घरातली. साठच्या वर ठोक्याचा भरीवपणा असतो आणि पुरुषी आवाजातलं वजनही असतं. स्वस्त इअरफोनमध्ये अनेकदा हे वरचंच घर फुगवलेलं असतं. दुकानात दहा सेकंद ऐकलं की तेच डोक्यात भरतं, आणि विक्री होते. घरी आल्यावर तासभर ऐकलं की डोकं जड होतं, आणि गायक गोधडीत तोंड खुपसून गातोय असं वाटू लागतं.

म्हणून आधी कानाने ऐका, मग विकत घ्या. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलात, तर काही दुकानदार डेमो पीस लावून देतात, विचारायला संकोच करू नका. जाताना आपल्या फोनमध्ये आपलं गाणं उतरवून न्या. दुकानदार लावेल ते ऐकू नका, तो त्याच्या मालाला शोभेल तेच लावणार.

मी दोन रेकॉर्डिंग जवळ ठेवतो. पहिलं ढोल-ताशाचं. ढोलाचा ठोका पडतो तेव्हा त्याच क्षणी ताशाची तर्री सुटी, टणटणीत ऐकू आली पाहिजे. ढोल तिच्या अंगावर पसरला, की तो पीस बाजूला. दुसरं एकट्या तबल्याचं. वादक डग्ग्यावर मनगट दाबत पुढे नेतो तेव्हा आवाज खालून वर चढत जातो. ते चढणं कानाला कळलं पाहिजे. नुसतंच 'धम्म' ऐकू येत असेल, सूर कळत नसेल, तर त्या इअरफोनमध्ये दणका आहे, बेस नाही. याशिवाय तुमच्या हजार वेळा ऐकलेल्या एखाद्या आवडत्या आवाजावर तपासा. आणि दोन पीसची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जो मोठा वाजतो तो नेहमी चांगलाच वाटतो, कानाची ती खोडच आहे.

खोक्यावरच्या मजकुराचं फार मनावर घेऊ नका. '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' हे जवळजवळ सगळ्यांवर छापलेलं असतं, त्यातून त्या टोकाला आवाज किती उरतो ते कळत नाही. पडदा बारा मिलिमीटरचा आहे म्हणून तो दहावाल्याला भारी ठरतो असंही नाही. ओहमचा आकडा म्हणजे इअरफोनचा विजेला होणारा विरोध; १६ ओहम, ३२ ओहम, दोन्ही फोनवर चालतात.

वायर की ब्लूटूथ? पैसे मोजकेच असतील तर माझं मत वायरच्या बाजूने आहे. ब्लूटूथच्या किमतीत बॅटरी, चिप, चार्जिंगची डबी हे सगळं आलं. वायरवाल्यात तेच पैसे आवाजावर खर्च होतात. शिवाय बॅटरी काही वर्षांनी दम टाकते. फोनला ३.५ मिलिमीटरचा जॅक नसेल तर टाइप-सीचा कन्व्हर्टर घ्या, फक्त आत डॅक, म्हणजे फोनमधल्या डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी चिप, असलेला मागा, नाहीतर काही फोनवर तो वाजतच नाही.

नावं हवी असतात, म्हणून थोडी सांगतो. हजाराच्या आत जेबीएलचा सी१००एसआय आणि बोटचा बेसहेड्स १०० सहज मिळतात. हजाराच्या आसपास केझेड कंपनीचा ईडीएक्स प्रो आहे. त्याची वायर काढता येते, म्हणजे वायर तुटली तर सगळा इअरफोन फेकावा लागत नाही. ती कानावरून मागे घेऊन घालतात, त्यामुळे वायरच्या ओढीने रबर सैल होत नाही, आणि रबराचं महत्त्व मघाशी सांगितलंच. थोडे जास्त पैसे असतील तर सेव्हनहर्ट्झचा झीरो टू बघा. पहिल्या झीरोपेक्षा याचा बेस वाढवलेला आहे, आणि तरी गाणाऱ्याचा गळा मोकळा राहतो. मला स्वतःला हा सर्वांत आवडतो.

आता जरा काळजीचं. पीएमपीच्या बसमध्ये इंजिनाची घरघर असते ती नेमकी बेसच्याच पट्ट्यात. घरी भरदार वाटणारा इअरफोन तिथे पोकळ वाटतो आणि बोट आपोआप व्हॉल्यूमकडे जातं. त्यात कानाची ठेवणही अशी, की आवाज लहान ठेवला की खालचे सूर इतरांपेक्षा जास्त मंदावतात. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणूनच घट्ट बसणारा, बेस मुळात जास्त असलेला इअरफोन मला तरुण मुलांसाठी योग्य वाटतो. लहान आवाजातही गाणं भरलेलं वाटतं, व्हॉल्यूम चढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात. ९० डेसिबलला मात्र फक्त ४. कानातल्या ज्या पेशी यात मरतात त्या परत येत नाहीत. आणि दुचाकीवर इअरफोन नकोच. मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही, तर पुढचं बोलायला नको.

घेतलेल्या इअरफोनचा बेस थोडा कमी वाटला तर फोनमधला इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय, वापरा. साठच्या आसपासची पट्टी जराशी वर घ्या, अडीचशेची किंचित खाली. सगळ्याच पट्ट्या वर नेल्या तर आवाज फाटतो. रबरातून फट असेल, तर इक्वलायझरने ती भरत नाही, हे ध्यानात असू द्या.

आणि पैसे देण्याआधी विचारून घ्या, की आवडला नाही तर परत घेणार का. कानात घालायची वस्तू असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी उघडलेलं खोकं परत घेत नाहीत. पक्कं बिल मागून घ्या आणि जपून ठेवा. एक बाजू बंद पडली तर वॉरंटीसाठी तेच लागतं.